मास्क कुठे पडला होता

अल नहदा, शारजा
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

आदरणीय आशाताईंना,
समिधाचा सादर नमस्कार.

समिधा म्हणजे समिधा झोपे, दहावी ब, तुमच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर. आता फिरके. सत्तावीस वर्षांनी पत्र येतंय, तेव्हा आधी ओळख दिलेली बरी. तुमचा पत्ता माझ्या वर्गातल्या मनालीने दिला. तुमची तब्येत चांगली आहे, फक्त डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, असं ती म्हणाली. म्हणून अक्षर मोठं काढतेय. आमच्या ऑफिसातले धनंजय सावदेकर उद्या सुट्टीवर जळगावला निघालेत. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि खजुराचा डबा पाठवते. खजूर चालत नसतील तर शेजारी वाटून टाका.

आमचं इकडे ठीक चाललंय. माझे मिस्टर अनिल बिल्डिंग मेंटेनन्सच्या कंपनीत इंजिनियर आहेत. मी अल क्वोजमध्ये एका वेअरहाऊसच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. राहायला शारजात, नोकरीला दुबईत, त्यामुळे सकाळचा दीड तास गाडीत जातो. मुलगी रिद्धी पंधरा वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, पण तिला कळतं सगळं.

इतक्या वर्षांत पत्र का लिहिलं नाही, याला तशी कारणं होती. आधी पुण्याचं कॉलेज, मग लग्न, मग इकडे येणं, मग रिद्धी. दिवस कसे गेले ते कळलं नाही. असो.

आज लिहायला बसले ते एका बातमीसाठी. ताई, परवा शनिवारी अंपायरने मला मैदानाबाहेर काढलं. पूर्ण इजेक्शन. हे ऐकून सगळ्यात जास्त कोण हसेल असं मनात आलं, तर तुम्ही आठवलात. तुमच्या वर्गात मला ‘मौनीबाबा’ म्हणायचे. हजेरीलासुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही.

नीट सांगते. तीन वर्षांपूर्वी इथल्या हौशी बेसबॉल लीगने मुलींचा गट सुरू केला. आपल्या सॉफ्टबॉलसारखंच, फक्त बॉल लहान आणि कडक, मैदान मोठं आणि पिचर खांद्यावरून टाकते. रिद्धीला खेळायचं होतं. आमच्या बाजूला टीम नव्हती, म्हणून मीच काढली. नाव ‘नहदा नाईन’. कुणी ड्रायव्हरची मुलगी, कुणी नर्सची, कुणी शाळेतल्या शिक्षिकेची. पहिल्या वर्षी सगळे सामने हरलो. दुसऱ्या वर्षी दोन जिंकलो. या वर्षी सेमीफायनलला पोचलो. मी टीमची मॅनेजर, म्हणजे कुणाला कुठे उभं करायचं, कधी काय खेळायचं हे ठरवणारी. माझे असिस्टंट लियाकतभाई. दापोलीकडचे आहेत, अल क्वोजमध्ये त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांना क्रिकेट कळतं, बेसबॉल फारसं कळत नाही. कागदावर दुसरा मोठा माणूस लागतो म्हणून ते आहेत, आणि बर्फ, पाणी, पोरींची ने-आण हे सगळं तेच बघतात. त्यांची सुमैय्या माझी कॅचर.

तर शेवटची, सातवी इनिंग. स्कोर चार-चार. समोरच्या टीमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, आणि एक आऊट झालेली. बॉल आमच्या शॉर्टस्टॉपकडे गेला, तिने धाव अडवायला सरळ होमला फेकला. सुमैय्या प्लेटच्या अलीकडे गुडघा टेकून बसली, बॉल घेतला आणि घसरत येणाऱ्या मुलीच्या पायाला ग्लोव्ह लावला. मी बाकावरून स्वच्छ पाहिलं. पाय प्लेटपासून हातभर लांब होता. अंपायरने दोन्ही हात पसरून त्यांना धाव दिली. सेफ.

अंपायरचं नाव फहद. इथलाच तरुण मुलगा, अमेरिकेत शिकायला गेला आणि खेळ शिकून आला. वाईट माणूस नाही, मुलींशी अदबीने बोलतो. पण त्या वेळी तो सुमैय्याच्या बरोबर पाठीमागे उभा होता. त्याला तिची पाठ दिसली असणार, ग्लोव्ह नाही.

सुमैय्याने ग्लोव्ह उघडून बॉल दाखवला. तो म्हणाला, खेळ चालू करा. तिने हात खाली घेतलाच नाही. “सर, बॉल इथे आहे. मी तिला आधी टॅग केलं.” तो म्हणाला, आणखी एक शब्द बोललीस तर बाहेर जाशील. ती तो एक शब्द बोलणार हे मला दिसत होतं.

मी कधी उठले ते मला सांगता येणार नाही. एवढं कळलं की मी दोघांच्या मधे उभी आहे, सुमैय्या माझ्या पाठीशी आहे आणि फहदच्या छातीवरची बटणं माझ्या नाकासमोर आहेत. हात मी पाठीमागे बांधले होते. ती सवय कुणाची, ते तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणाले, “तुम्ही पाहिलं नाही.”

“कोच, गो बॅक.”

“तुम्ही तिच्या मागे होतात. तुम्हाला दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा. त्यात काही कमीपणा नाही. पण ज्या मुलीने पाहिलं तिला गप्प बसायला सांगू नका.”

“ही शेवटची वॉर्निंग आहे.”

“मग द्या. मला द्या, तिला नको.”

त्याने हात वर केला, अंगठा मागे नेला आणि मी बाहेर. तरीही मी तिथेच उभी होते. लियाकतभाई येऊन हळूच म्हणाले, “भाबी, चला आता. पोरीचं काम झालं.” तेव्हा माझे पाय हलले.

इजेक्शन झाल्यावर काय होतं ते मी नियमांच्या पुस्तकात वाचलं होतं, पण अनुभव वेगळा. नुसतं बाकावरून उठून चालत नाही. मैदानाच्या बाहेर, टीमला दिसणार नाही आणि ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं. खुणा नाहीत, निरोप नाहीत, फोन नाही. टीम असिस्टंटच्या हातात जाते. अंपायर लेखी रिपोर्ट देतो. पुढचा एक सामना आपोआप बंदी, आणि कमिटीला वाटलं तर आणखी. मी पार्किंगच्या टोकाला दोन स्कूलबसच्या मधे जाऊन उभी राहिले. तिथून फक्त आवाज यायचे. बॅटचा आवाज, मग ओरडणं, पण कोण ओरडतंय ते कळायचं नाही.

थोड्या वेळाने अनिल धावत आले. म्हणाले, त्यांच्या पुढच्या दोघींना आऊट केलं, पण पाच-चारने मागे आहोत. आपली बॅटिंग, एक आऊट, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आपल्या मुली आहेत, दुसऱ्यावर रिद्धी. बॅटिंगला सुमैय्या. “लियाकतभाई विचारतायत, बॉल नुसता पुढ्यात टाकायला, बंट करायला सांगू का?”

मी काही बोलले नाही.

“अगं, मान तरी हलव.”

“मान हलवली तर तो निरोपच झाला.”

“इथे कोण बघतंय?”

“मी बघतेय,” मी म्हणाले. ते परत गेले.

पुढचं मला नंतर कळलं. अनिल नुसतेच परत आलेले बघून लियाकतभाईंनी टाइम मागितला आणि लेकीकडे गेले. विचारलं, “तुमच्या मॅडमनी काय सांगितलं असतं?” ती म्हणाली, “बंट.” “मग कर बंट.” ती म्हणाली, “अब्बा, समोरच्यांनाही तेच वाटतंय. त्यांची थर्डवाली बघा किती पुढे येऊन उभी आहे.” लियाकतभाईंनी पाहिलं. ते म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही. तुला कळतं. तुझ्या मनाने मार.”

तिने पहिलाच बॉल त्या पुढे आलेल्या मुलीच्या डोक्यावरून मारला. तिसऱ्या बेसवरची आपली मुलगी आली, तिच्यामागून रिद्धी आली, आणि सहा-पाच. मला बसेसच्या मधे नुसता गलका ऐकू आला. आपण जिंकलो की हरलो हे रिद्धी पार्किंगमध्ये पळत येईपर्यंत मला माहीत नव्हतं. तिच्या तोंडावर सगळी माती होती. ती म्हणाली, “मम्मा, वी डिडन्ट बंट.”

ताई, मी बंटच सांगितला असता. आणि आम्ही हरलो असतो.

गुरुवारी कमिटीसमोर जायचं आहे. समोरच्या टीमच्या एका पालकाने तक्रार केलीय की मी अंपायरला ढकललं. ढकललं नाही. बघू काय होतं ते. रमजानच्या आत फायनल उरकायची म्हणून सगळं घाईत चाललंय.

तुम्ही हे वाचाल अशी आशा करते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आपली विद्यार्थिनी,
समिधा फिरके (झोपे)


अल नहदा
रविवार, ८ फेब्रुवारी

ताई,

तुमचा निरोप शुक्रवारी मिळाला. मनालीने लिहिलं की तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, “मास्क कुठे पडला होता ते तिला आठवतं का, एवढं विचार.” बाकी काही म्हणाला नाहीत.

ते वाचल्यापासून दोन दिवस माझं कशात लक्ष नाही. काल आमटीत मीठ दोनदा पडलं. अनिलनी विचारलं काय झालं, तेव्हा लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. आता तुम्हाला लिहिते.

आठवतं. मास्क अंपायरच्या मागे पडला होता, त्याच्या उजव्या टाचेपासून वीतभर.

जानेवारी नव्व्याण्णव, अमरावती, शालेय राज्य स्पर्धेची फायनल. शेवटची इनिंग, होमला तसाच टॅग, तशीच ‘सेफ’. मी आयुष्यात एकदाच चिडले ते तेव्हा. तोंडावरचा जाळीचा मास्क काढून जमिनीवर आपटला. तो उसळला आणि अंपायरच्या मागे गेला. त्यांनी मला बाहेर काढायला हात उचलला आणि तेवढ्यात तुम्ही धावत आलात आणि आमच्या मधे उभ्या राहिलात. तुमचे दोन्ही हात पाठीमागे होते. माझ्या डोळ्यांसमोर होते, कारण मी तुमच्या पाठीशीच उभी होते. उजव्या हाताने डावं मनगट धरलेलं, मनगटात काळ्या पट्ट्याचं घड्याळ. तुम्ही त्यांना म्हणालात, “मुलीला नका काढू. तिला अजून खेळायचंय. मला काढा.” ते एक पाऊल मागे सरकले, टाच मास्कवर पडली आणि पाठीवर आपटले. उठल्यावर म्हणाले, बाईंनी ढकललं.

दुसऱ्या दिवशी रेस्ट हाऊसच्या खोलीत कमिटीने मला एकटीला बोलावलं. तीन माणसं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ते अंपायर. ते राज्याच्या टीमच्या निवड समितीवरही होते. मला विचारलं, बाईंनी ढकललं का? मी म्हणाले, मी पाहिलं नाही.

कुणी मला शिकवलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. वाटेत कुणीतरी एवढंच म्हणालं होतं की तुझं नाव यादीत येणार आहे. पंधरा दिवसांनी ते आलं. तुम्हाला दोन वर्षांची बंदी आली. शाळेने तुमच्याकडून मैदान काढून घेतलं आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या दिल्या. दहावीचे शेवटचे दोन महिने मी ग्रंथालयासमोरून जाताना मान खाली घालायची. तुम्ही एकदा हाक मारली होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

राज्याच्या टीमच्या सर्टिफिकेटवर मला खेळाच्या कोट्यातून पुण्यात प्रवेश मिळाला. तिथे अनिल भेटले, तिथून इकडे आलो. घर, नोकरी, रिद्धी, यातल्या प्रत्येक गोष्टीच्या तळाशी ते वाक्य आहे. मागच्या पत्रात लिहिलेली कारणं खोटी नव्हती. पण त्यातल्या एकाही कारणामुळे पत्र अडलं नव्हतं.

आता गुरुवारचं सांगते, कारण ते याच्याशीच जोडलेलं आहे.

कमिटी दुबई मरीनात एका उंच बिल्डिंगमध्ये बसली होती. खाली बोटी, वर एसीचा गारठा. लियाकतभाई दुकान बंद करून सुमैय्याला घेऊन आले होते. मी म्हणाले, मुलीला कशाला आणलंत? ते म्हणाले, “मी कुठे आणलं, तिनेच मला आणलं.”

अध्यक्षबाईंनी तक्रारीचा ईमेल वाचला आणि फहदला विचारलं. फहदने स्वतःचा रिपोर्ट वाचून दाखवला. कोचने मला स्पर्श केला नाही. अपशब्द वापरला नाही. वॉर्निंग देऊनही परत गेली नाही आणि माझ्या निर्णयावर वाद घातला, म्हणून बाहेर काढलं. अगदी झालं तसं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिले. एक माणूस खरं लिहितो म्हटल्यावर ते किती सोपं असतं.

मग बाईंनी सुमैय्याला विचारलं, तू जवळ होतीस, तू काय पाहिलंस? ती उठून उभी राहिली. पंधरा वर्षांची पोर, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये.

“मी सगळं पाहिलं,” ती म्हणाली. “मॅडमचे हात मागे होते. मी त्यांच्या मागेच होते.”

ताई, मला खुर्चीत बसवेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि लिफ्टपाशी भिंतीला टेकून उभी राहिले. तिलाही सीझन संपल्यावर लीगच्या निवड चाचणीला जायचंय. तिच्याही समोर अंपायर बसला होता. पण ती उभी राहिली आणि म्हणाली. तिला एक क्षणसुद्धा लागला नाही.

परत आत गेले तेव्हा बाई म्हणाल्या, ढकलल्याची तक्रार आम्ही काढून टाकतो. एका सामन्याची बंदी नियमाने आहेच. पण ‘अंपायरने पाहिलं नाही’ हे विधान तुम्ही लेखी मागे घेतलंत, तर बंदीऐवजी ताकीद देऊन तुम्हाला फायनलला उभं राहता येईल. कागद तयार होता, पेनसुद्धा ठेवलेलं होतं.

तीन वर्षं मी या फायनलसाठी घालवलीत. सांगितल्याबरोबर बाहेर गेले नाही याची माफी मी तिथल्या तिथे लिहून दिली, कारण ती चूक होती. दुसऱ्या कागदाला हात लावला नाही. म्हणाले, मी हे मागे घेतलं तर ही मुलगी खोटी ठरते. ती खोटी नाही.

तेव्हा शनिवारी फायनल आहे आणि मी त्यात नाही. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. घरी येताना गाडीत मी गुणगुणत होते, असं अनिल म्हणाले.

या पत्राबरोबर दुसरा एक कागद आहे. मनाली दोन्हीची प्रिंट काढून देईल. त्यात तारीख, ठिकाण, मास्क, तुमचे हात, माझं उत्तर आणि ते उत्तर मी का दिलं, सगळं लिहिलंय. खाली माझी सही आहे. तो राज्याच्या सॉफ्टबॉल संघटनेला पाठवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. तुमचं नाव त्यात आहे, तुम्हाला न विचारता मी दुसऱ्यांदा काही करणार नाही.

क्षमा मागायला मला तोंड नाही. पण मागते.

समिधा


अल नहदा
सोमवार, १६ फेब्रुवारी

ताई,

बुधवारी तुमचा फोन आला तेव्हा मी वेअरहाऊसमध्ये एका ट्रकचे कागद तपासत होते. “आशाताई बोलतेय” एवढं ऐकलं आणि हातातले कागद ट्रकच्या चाकापाशी पडले. तुम्ही चार मिनिटं बोललात. मास्कचा विषयच काढला नाहीत. पहिल्याने विचारलंत, पिचर डावखुरी आहे का. मग म्हणालात, कॅचर सगळ्यात आधी दमते, तिला मधल्या इनिंगनंतर बसवून पाणी द्यायला सांग. मी म्हणाले, मला निरोप द्यायला बंदी आहे. तुम्ही म्हणालात, “सामन्यात बंदी आहे. आज बुधवार आहे.”

आणि फोन ठेवताना त्या कागदाबद्दल एकच वाक्य. “पाठव. माझ्यासाठी नको, रेकॉर्डसाठी.” गुरुवारीच पाठवला. नव्या सेक्रेटरींचं उत्तर आलंय, पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणून. त्या शाळेत असताना त्यांनी तुमचं नाव मोठ्या मुलींकडून ऐकलं होतं.

आता फायनल ऐका.

मी लियाकतभाईंच्या दुकानात बसले होते. मैदान तिथून दहा मिनिटांवर. शटर अर्धं ओढलेलं, चारी बाजूंना टायरचा वास, आणि शेजारच्या कॅफेटेरियातून एकामागून एक कडक चहा. मला मैदानात जायला बंदी होती, बातमी ऐकायला नव्हती, म्हणून अनिल फक्त आकडे पाठवत होते. शून्य-एक. शून्य-दोन. समोर मरीनाची टीम, गेली दोन वर्षं तीच जिंकते. मग दोन-दोन. मग दोन-तीन. मग चार-तीन, आम्ही पुढे. त्यानंतर काहीच नाही. अर्धा तास मी फोनकडे बघत बसले. नंतर कळलं की अनिल इतके ओरडत होते की आपल्या हातात फोन आहे हेच विसरले.

शेवटच्या इनिंगला दोन आऊट, मरीनाची मुलगी दुसऱ्या बेसवर. बॉल उजव्या बाजूला लांब गेला. ती तिसरं बेस वळून होमकडे निघाली. आली असती तर चार-चार. होमला फेक आली ती जरा उंच. सुमैय्याने उडी मारून घेतली आणि खाली येता येता ग्लोव्ह तिच्या खांद्याला लावला. दोघी धुळीत. मागे अंपायर फहदच.

रिद्धी सांगते की फेक हवेत असतानाच तो पळत बाजूला गेला होता. या वेळी पाठीमागे थांबला नाही. प्लेटच्या कडेला गुडघ्यावर बसला, धूळ बसेपर्यंत थांबला आणि म्हणाला, “शो मी.” सुमैय्याने ग्लोव्ह उघडला. त्याने तिच्याकडे बघतच मूठ उचलली. आऊट. चार-तीन.

बक्षीस द्यायच्या वेळी त्याने स्वतःहून माइक मागितला. अनिलनी ते रेकॉर्ड केलंय, मी दहा-बारा वेळा ऐकलं असेल. तो म्हणतो, “दोन आठवड्यांपूर्वी मी चुकीच्या जागी उभा होतो. मी व्हिडिओ पाहिला. बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये होता, टॅग आधी होता आणि तिने मला खरं सांगितलं होतं. आज मी बरोबर जागी उभा राहिलो, ते तिच्यामुळे.” सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा त्याने हात वर केला. “पण त्यांच्या कोचचं इजेक्शन बरोबर होतं.” त्यावर पोरी सगळ्यात जास्त हसल्या.

साडेपाचला दुकानाच्या गल्लीत हॉर्न वाजत बस आली. नऊच्या नऊ पोरी खिडक्यांतून बाहेर लोंबकळत होत्या. आजूबाजूच्या गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली. कुणी पंजाबचं, कुणी नेपाळचं, कुणाला बेसबॉल माहीत नाही, पण सगळे टाळ्या वाजवत होते. लियाकतभाई उतरले ते रडत होते. म्हणाले, “भाबी, मी आज काही केलं नाही. पोरींनी विचारलं की मी म्हणायचो, तुला काय वाटतं? खलास. एवढंच.” सुमैय्याला मी जवळ घेतलं. विचारलं, मधे पाणी पिऊन बसलीस का? ती म्हणाली, “येस मॅम. जळगावच्या मॅडमनी सांगितलं होतं ना.”

तेव्हा तुम्हाला सांगायला हवं की इथे नऊ मुली तुम्हाला ओळखतात. बुधवारच्या सरावानंतर मी त्यांना सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. रात्रीचं जेवण झाल्यावर ताटं उचलताना रिद्धी चक्क मराठीत म्हणाली, “तू त्यांना भेटायला जा.”

काल मनालीचा फोन आला. ती म्हणते, महापालिकेच्या मैदानावर रविवारी सकाळी मुलींना शिकवायला तुम्ही हो म्हणालात. सात मुली तयार आहेत. दहा वर्षं ती तुमच्या मागे लागली होती, आणि आता तुम्ही स्वतःच तिला विचारलंत की मैदान आखायला चुना कुठे मिळतो. ती सांगत होती आणि मी इकडे खिडकीपाशी उभी राहून रडत होते, बऱ्याच वर्षांनी चांगल्या कारणाने.

रिद्धीची परीक्षा मार्चअखेर संपते. दोन एप्रिलचं विमान आहे, पाच तारखेच्या रविवारी आम्ही दोघी मैदानावर असू. किती वाजता यायचं तेवढं कळवा. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण होमच्या मागे एक इनिंग तरी बसेन. तुम्ही जे सांगाल ते नीट पाहीन, आणि कुणीही विचारलं तर पाहिलं तसं सांगेन.

तुमची कॅचर,
समिधा